तिसरें चाक

बाबागाडी तीन चाकांची घ्यावी कीं चार चाकांची, या प्रश्नावर मी मासिकांत लेख लिहीन असें दोन वर्षांपूर्वीं कोणी सांगितलें असतें, तर मीं तें थट्टेवारी नेलें असतें. तत्त्वज्ञानाचा अध्यापक या नात्यानें गेलीं तीस वर्षें ज्या प्रश्नांचा ऊहापोह मी वर्गांत करीत आलों, त्यांचीं नांवें भारदस्त आहेत: इच्छास्वातंत्र्य, कर्तव्य, साध्य आणि साधन, व्यक्ति आणि समाज. या मंडळींत बाबागाडीला स्थान कोठून असणार? परंतु अनुभव असा आहे कीं, हे प्रश्न जेव्हां आपल्या घरीं येतात तेव्हां आपलीं भारदस्त नांवें दाराबाहेर वहाणांपाशीं काढून ठेवूनच आंत येतात. त्यामुळें त्यांची ओळख लवकर पटत नाहीं; आणि पटते तेव्हां आपण त्यांचें उत्तर, बरें किंवा वाईट, केव्हांच देऊन बसलेले असतों.

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुट्टीला थोडी रजा जोडून मी व माझी पत्नी असे उभयतां तीन महिने स्कॉटलंडांत एडिंबरो येथें मुलीकडे राहून आलों. आम्ही पोंचलों तेव्हां नात सहा महिन्यांची होती. मुलीचें बिऱ्हाड एका जुन्या दगडी इमारतींत तिसऱ्या मजल्यावर. जिना सर्व बिऱ्हाडांना मिळून एकच, पिढ्यान् पिढ्या माणसांचे पाय पडून त्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या, लिफ्ट नाहीं. खालीं उतरावें तों आसपासच्या कित्येक रस्त्यांवर तासलेल्या चौकोनी दगडांची फरसबंदी. दिसावयास फार सुंदर आणि लहान चाकांच्या गाडीला फार निर्दय. माझी मुलगी लग्नापूर्वीं आणि नंतरहि नित्य धांवावयास जात असे. त्या शहरांतील जुने, बंद पडलेले लोहमार्ग काढून तेथें पायीं चालणारांसाठीं व सायकलींसाठीं वाटा केलेल्या आहेत. त्या तिच्या परिचयाच्या होत्या. बाळंतपणानंतर तें सारें तुटलें. आजार असा कांहीं नव्हता. डॉक्टरांच्या मतें सर्व ठीक होतें. पण पूर्वीं जी मुलगी एका वाक्यांत दोनदां हसत असे, ती आतां विचारलेल्या प्रश्नाला नेमकें तेवढेंच उत्तर देत असे. आईबापांना एवढें कळतें.

एके संध्याकाळीं ती म्हणाली, "बाबा, मला तीन चाकांची गाडी घ्यायची आहे. धांवतांना पुढें ढकलतां येते ती." जांवई कांहीं बोलला नाहीं, हें त्याच्या शहाणपणाचें लक्षण. माझी पत्नी मात्र म्हणाली, "मूल गाडींत घालून आईनें रस्त्यानें धांवायचें? लोक काय म्हणतील तें राहूं दे. त्या जिवाला काय वाटेल?" मींहि पत्नीचीच बाजू उचलून धरली, ती जराशी तात्त्विक भाषेंत मांडली, एवढाच काय तो फरक. मी म्हणालों, "मूल हें साध्य आहे, त्याला आपल्या व्यायामाचें साधन करूं नये." वाक्य कान्टच्या वळणाचें होतें, आणि खरें सांगावयाचें तर बोलून झाल्यावर मला तें आवडलेंहि. मुलगी उठून आंतल्या खोलींत गेली.

अध्यापकाचा स्वभाव असा कीं, एखादी गोष्ट नाकारण्यापूर्वीं नाहीं तर निदान नाकारल्यानंतर तरी तिची माहिती करून घ्यावी. पुढचे चार दिवस मी या गाड्यांचा अभ्यास केला. दुकानांत जाऊन त्या पाहिल्या, रिकाम्या ढकलल्या, उघडल्या आणि मिटल्या. तीन चाकांचा मुख्य गुण भूमितीनेंच दिलेला आहे. कोणतेहि तीन बिंदु एका प्रतलांत असतातच; चौथा असेलच असा नियम नाहीं. म्हणून तर आमच्या आज्यांची चूल तीन दगडांची असे, आणि उंचसखल जमिनीवरहि तिवई डगमगत नसे. खडबडीत रस्त्यावर चार चाकांपैकीं एखादें अधांतरीं राहतें. तिचाकीचीं तिन्ही चाकें जमिनीला धरून असतात. शिवाय धांवण्याच्या गाडीचीं चाकें मोठीं आणि सायकलप्रमाणें हवेच्या टायरचीं. दगडाचा धक्का तीं आपल्या पोटांत घेतात. परंतु हीच भूमिति दुसरी एक गोष्ट सांगते. चौकोनाच्या जागीं त्रिकोण आला कीं पुढच्या बाजूस पाया अरुंद होतो. म्हणून वेगांत एकदम वळलें, किंवा एक चाक पदपथाच्या कडेवरून खालीं घसरलें, तर तिचाकी कुशीवर कलंडण्याचा संभव अधिक.

पुढच्या एकट्या चाकाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तें आपल्या खुंटीभोंवतीं फिरतें ठेवलें, तर बाजारांत, दुकानांत, वळणावळणाच्या वाटेवर गाडी एका हातानें वळते. पण धांवण्याच्या वेगांत तेंच चाक थरथरूं लागतें, आणि खळग्यांत आडवें झालें तर गाडी उलथून पाडतें. तें स्थिर ठेवलें, तर गाडी सरळ रेषेंत जाते; पण वळवितांना दांडा दाबून पुढचें चाक उचलावें लागतें. म्हणून चांगल्या गाडींत एक खिट्टी असते: चालतांना चाक मोकळें, धांवतांना बद्ध. याखेरीज दांड्याला हाताचा ब्रेक हवा. उतारावर गाडी हातून निसटूं नये म्हणून मनगटांत अडकवावयाचा पट्टा हवा. मुलाला खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून धरून ठेवणारे पट्टे हवेत. दांड्याला बाजाराची पिशवी लटकवूं नये, कारण त्या भारानें गाडी मागें उलटते. तान्ह्या मुलास सपाट निजवावें लागतें. आणि मूल निदान सहा महिन्यांचें होऊन त्यानें मान पक्की धरल्यावांचून गाडी घेऊन धांवूं नये, यावर बहुतेक जाणत्यांचें एकमत आहे. कित्येक जण तर आणखी दोन महिने थांबावयास सांगतात.

या गाड्यांचा इतिहासहि मीं वाचला, आणि तो वाचतांना माझ्या त्या कान्टच्या वाक्याविषयींचा आत्मविश्वास ओसरूं लागला. १७३३ सालीं विल्यम केंट या वास्तुकारानें इंग्लंडांत डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं जी गाडी बनविली, ती शिंपल्याच्या आकाराची असून शेळीनें किंवा लहान तट्टानें ओढावयाची होती. आईबापांच्या हातांचा तींत कांहीं संबंधच नव्हता. १८८९ मध्यें विल्यम रिचर्डसन यानें अमेरिकेंत अशा गाडीचें पेटंट घेतलें कीं, तींतील पाळणा उलट फिरवून मुलाचें तोंड ढकलणाराकडे करतां यावें. १९६५ मध्यें ओवेन मॅक्लॅरेन या विमानविद्येंतील अभियंत्यानें छत्रीसारखी मिटणारी गाडी रचली. दुसऱ्या महायुद्धांत गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर या गृहस्थानें काम केलें होतें. मॉस्कोहून तान्हें मूल घेऊन प्रवास करणाऱ्या आपल्या मुलीचे जड गाडीपायीं झालेले हाल त्यानें जाणले, आणि उड्डाणानंतर चाकें मिटून घेणाऱ्या विमानाची विद्या नातवंडाच्या गाडीला लावली. त्या गाडीचें वजन तीन किलोंहूनहि कमी होतें. पुढें १९८४ मध्यें अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत याकिमा येथें, वर्तमानपत्रांत काम करणाऱ्या फिल बेक्लर या बापाला मुलाला बरोबर घेऊन धांवावयाचें होतें; त्यानें बाबागाडीला सायकलचीं चाकें लावलीं, आणि आज आपण पाहतों ती धांवण्याची तिचाकी जन्मास आली.

यांपैकीं एकहि शोध कोणा मुलानें मागितलेला नाहीं. प्रत्येक गाडी कोणा ना कोणा मोठ्या माणसाच्या गरजेंतून, हौसेंतून किंवा थकव्यांतून निघालेली आहे. पण म्हणून ती मुलाच्या अहिताची ठरते काय? आपला घरोघरचा पाळणा तरी मुलानें कोठें मागितला होता? त्याला मांडी हवी होती. मांडीवाल्या माणसाला दळण होतें, कांडण होतें, पाणी भरावयाचें होतें, म्हणून पाळणा आला. आणि त्या पाळण्याच्या दोरीवर आपण मातृवात्सल्याचीं गीतें रचलीं. तेथें माझ्या ध्यानांत आलें कीं, मुलीशीं बोलतांना मीं एक शब्द गाळला होता. १७८५ सालच्या आपल्या ग्रंथांत कान्टनें जें सांगितलें, तें असें कीं, माणसाला केवळ साधन म्हणून वागवूं नये. 'केवळ' हा शब्द तेथें शोभेसाठीं घातलेला नाहीं. परस्परांचीं साधनें झाल्यावांचून संसार चालतच नाहीं. मूल आईला कारण देतें, आई मुलाला कडेवर घेते. पाप आहे तें दुसऱ्याचें साध्यपण विसरण्यांत. वर्गांत हा शब्द गाळणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापतों.

तेव्हां पहिला प्रश्न उरला तो मुलाच्या हक्काचा. मिल्लनें आपला स्वातंत्र्यावरील सुप्रसिद्ध निबंध १८५९ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां मुलांना आपल्या सिद्धान्तांतून त्यानें स्पष्टपणें वगळलें. स्वतःचें हित स्वतः ठरविण्याचा अधिकार त्यानें प्रौढांपुरताच ठेवला. हें योग्यच होतें. पण त्यामुळें प्रश्न सुटला नाहीं, तो आईबापांच्या पदरांत पडला. ज्याला अजून बोलतां येत नाहीं, त्याच्यासाठीं निवड करतांना कसोटी कोणती लावावी? 'मोठेपणीं हें मूल काय म्हणेल' ही कसोटी सुचविली जाते. परंतु मोठेपणीं तें काय म्हणेल, हें आज आपण त्याला कसें वाढवितों यावर अवलंबून असल्यामुळें ती कसोटी आपल्याच हातचा आरसा होऊन बसते. मला वाटतें, मुलाच्या वतीनें बोलावयाचें असेल तर 'त्या जिवाला काय वाटेल' असें मोघम न बोलतां, त्याची मान, त्याची पाठ, त्याचा श्वास आणि त्याची दृष्टि यांविषयीं नेमकें बोलावें. मान पक्की झाली आहे काय? गाडीची बैठक इतकी सखल तर नाहीं ना, कीं मोटारींच्या धुराच्या नळ्या आणि मुलाचें नाक एकाच पातळीवर यावें? आणि मुलाचें तोंड कोणीकडे आहे?

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. एडिंबरोपासून फार लांब नसलेल्या डंडी येथील विद्यापीठांत सूझन झीडिक या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं २००८ मध्यें या विषयावर संशोधन प्रसिद्ध केलें. ब्रिटनमधील रस्त्यांवर अडीच हजारांहून अधिक पालक व मुलें पाहण्यांत आलीं. ज्या गाड्यांत मुलाचें तोंड ढकलणाराकडे असतें, त्यांत पालक मुलाशीं अधिक बोलतात असें आढळलें. यांत नवल नाहीं. पाठमोऱ्या माणसाशीं आपणहि कमीच बोलतों. धांवण्याच्या तिचाकींत मात्र मुलाचें तोंड बहुधा पुढेंच असतें. म्हणजे रस्ता, झाडें, कुत्रीं, समुद्रावरून येणारा वारा हें सारें त्याला मिळतें; आणि आईचा चेहरा तेवढा मिळत नाहीं. ही हानि खरी आहे. तिचाकीची कितीहि स्तुति केली तरी ती भरून निघत नाहीं, आणि निवडीचा प्रामाणिकपणा ती हानि कबूल करण्यापासून सुरू होतो.

ही सारी माहिती गोळा करून मीं पुन्हां एकदां मुलीपुढें मांडली. या खेपेस माझा सूर न्यायाधीशाचा होता. समारोप करतांना मी म्हणालों, "तुला आम्हीं गाडींत घालून नाहीं वाढविलें. तूं कडेवर वाढलीस, आणि चांगली वाढलीस."

तिनें विचारलें, "कोणाच्या कडेवर, बाबा?"

घरांत कोणी कांहीं बोलेना. मग माझी पत्नी, जिनें पहिल्या दिवशीं या गाडीला सर्वांत अधिक विरोध केला होता ती, भाजी निवडतां निवडतां, मान वर न करतां म्हणाली, "माझ्या. उजव्या. पावसाळ्यांत ती बाजू अजून भरून येते."

तीस वर्षांत ही गोष्ट मीं ऐकली नव्हती. ऐकली नव्हती, कारण विचारली नव्हती. पुण्यांत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतों. एका हाताला भाजीची पिशवी, कडेवर मूल, असा तो जिना ती दिवसांतून किती वेळां चढली असेल, याचा हिशेब माझ्यापाशीं नाहीं. माझ्यापाशीं हिशेब आहे तो त्या वर्षांत लिहिलेल्या माझ्या प्रबंधाच्या पानांचा. मूल रडूं लागलें कीं माझ्या खोलीचें दार हळूच बाहेरून लावून घेतलें जाई, आणि याला मी घरांतील शांतता म्हणत असें. आमच्या गल्लींत बाबागाडी चालण्यासारखा रस्ता नव्हता, हें खरें. पण रस्ता गुळगुळीत असता तरी गाडी आणण्याचें मला सुचलें असतें असें नाहीं. कारण ओझें माझ्या कमरेवर नव्हतें. कडेवरच्या बालपणाचें आपण जें कौतुक करतों, तें पुष्कळदां अशा माणसांनीं केलेलें असतें कीं, ज्यांच्या कडेवर कधीं फारसें कोणी बसलें नाहीं.

म्हणून दुसरा हक्क वाहणाऱ्या माणसाचा. आईनें झिजावें यांत आपल्याकडे पुण्य मानलें गेलें आहे, आणि ज्या आयांनीं आपखुषीनें झिजून मुलें वाढविलीं त्यांच्यापुढें माझें मस्तक नम्रच आहे. परंतु जेथें दुसरा मार्ग ठाऊकच होऊं दिला नाहीं, तेथें 'आपखुषीनें' हा शब्द वापरतांना जीभ अडखळावयास हवी. माझ्या मुलीनें मुलाला घरीं ठेवून जाण्याची परवानगी मागितली नव्हती. मुलासह बाहेर जाण्याचें साधन मागितलें होतें. तिला स्वतःकडे परत यावयाचें होतें, आणि येतांना मुलीला बरोबर आणावयाचें होतें. यापेक्षां निर्दोष मागणी कोणती असूं शकेल?

दुसऱ्या दिवशीं गाडी घ्यावयाचें ठरलें. येथें हा लेख संपावयास हरकत नव्हती; मुलाचा हक्क आणि आईचा हक्क यांचा मेळ बसला होता. पण गाडीला तिसरें चाक आहे.

धांवण्याची तिचाकी म्हणजे दहाबारा किलोंचा लांबरुंद ऐवज. ती ठेवावयाची कोठें? जिन्याखालीं ठेवावी तर तो जिना सर्वांचा. आग लागली असतां त्याच वाटेनें सगळ्यांना बाहेर पडावयाचें. बसमध्यें न्यावी तर तेथें गाड्यांसाठीं राखलेली जागा तीच असते, जी चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या अपंग उतारूचीहि असते. या जागेसंबंधीं ब्रिटनमध्यें एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१२ मध्यें डग पॉली हे गृहस्थ वेदरबीहून लीड्स येथें जाण्यासाठीं बसपाशीं आले. खुर्चीच्या जागेंत एक बाई झोपलेलें मूल गाडींत घेऊन उभ्या होत्या. चालकानें गाडी मिटून जागा देण्याची विनंति केली. त्या म्हणाल्या, गाडी मिटत नाहीं. पॉलींना पुढच्या बसची वाट पाहावी लागली, त्यांची आगगाडी चुकली, आणि आईवडिलांच्या भेटीला जाण्यास त्यांना तासभर उशीर झाला. जानेवारी २०१७ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, चालकानें नुसती विनंति करून स्वस्थ बसणें पुरेसें नाहीं. नकार अवाजवी वाटला तर त्यानें त्यापुढचा उपाय, उदाहरणार्थ बस कांहीं वेळ थांबवून धरणें, योजावयास हवा. मात्र उतारूला सक्तीनें हलविण्याचें बंधन न्यायालयानें चालकावर घातलें नाहीं. कायदा तेथवर येऊन थांबला. त्यापुढें जें करावयाचें तें गाडीच्या दांड्यावर ज्याचा हात आहे त्यानें करावयाचें.

ध्यानांत घ्या, त्या बाई दुष्ट होत्या असें मानण्याचें कारण नाहीं. मूल झोपलें होतें. मुलाचा हक्क आणि आईचा हक्क हे दोन्ही तेथें बाईंच्या बाजूनें उभे होते. आणि या दोन खऱ्या हक्कांच्या आधारानेंच तिसऱ्यावर अन्याय झाला. आपल्या माणसांवरील प्रेमांत हाच धोका असतो. स्वार्थाची आपल्याला लाज तरी वाटते. मुलासाठीं केलेल्या स्वार्थाची लाज वाटत नाहीं, उलट अभिमान वाटतो. आणि त्या बाईंनीं जो निर्णय केला तो पुष्कळ अंशीं दुकानांत, गाडी निवडतांनाच, होऊन गेला होता. न मिटणारी गाडी ज्यानें घेतली, त्यानें बसच्या दारांत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला उत्तर आधींच देऊन ठेवलें.

आम्ही घेतली ती गाडी वापरलेली, दुसऱ्या एका कुटुंबानें विकावयास काढलेली. तीन चाकें, पुढच्या चाकाला खिट्टी, हाताचा ब्रेक, मनगटाचा पट्टा. आणि मागचीं चाकें काढून मिटतां येईल अशी. ती रोज मिटून तिसऱ्या मजल्यावर नेण्याचें काम मीं मागून घेतलें. तीस वर्षांच्या थकबाकीपैकीं तेवढीच फेड. पहिले दोन महिने मुलगी ती घेऊन नुसती चाले. चेहरा न दिसण्याची हानि भरून काढण्यासाठीं वाटेंत बांक दिसला कीं गाडी वळवून मुलीसमोर बसे आणि दोघींचें संभाषण होई.

त्याच सुमारास एके दुपारीं मी एकटाच नातीला घेऊन पोर्टोबेलोच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलों होतों. परततांना ती बसमध्यें झोपली. पुढच्या एका थांब्यावर चाकांच्या खुर्चीवर बसलेला एक मनुष्य उभा होता. चालकानें वळून माझ्याकडे पाहिलें. पॉली खटल्यावर दोनच दिवसांपूर्वीं मीं जेवतांना घरांत व्याख्यान दिलें होतें; तरी माझ्या मनांत जो पहिला विचार आला, तो, वाचकहो, मी जसाच्या तसा नमूद करतों: "आत्तांच तर झोपली आहे." आणि दुसरा: "दहा मिनिटांत दुसरी बस येईलच." मी उठलों, पण या दोन विचारांनंतर उठलों, आधीं नव्हे. नातीला उचललें, ती जागी होऊन रडूं लागली. एका हातानें चाकें निघेनात. एका तरुण मुलानें पुढें होऊन तीं काढलीं. तो गृहस्थ आंत आला, मान लववून आभार मानले, आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यानें कौतुक केलें नाहीं, हें मला प्रथम किंचित् टोंचलें. मग उमगलें कीं, स्वतःच्या जागेवर बसण्याबद्दल कोणी कोणाचें कौतुक करावयाचें नसतें. नात मात्र सबंध वाट रडली. तिला न विचारतां तिची झोप मीं एका अनोळखी माणसाला देऊन टाकली होती. हेंहि तिच्या वतीनें मीं केलेली निवडच. आणि ही निवड मला तिच्यापुढें केव्हांहि सांगतां येईल.

बाबागाडीच्या निवडींतून मला जें कळलें तें एवढेंच कीं, तिन्ही हक्क पुरेपूर भागतील अशी गाडी कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. प्रत्येक सोयीची किंमत कोणीतरी देतच असतो: कधीं मूल, कधीं आईची कंबर, कधीं थांब्यावर उभा राहिलेला परका मनुष्य. निवड करणाऱ्यानें निष्कलंक राहणें शक्य नाहीं. पण किंमत कोण देतो आहे हें त्याला ठाऊक असलें पाहिजे, आणि ती नेहमीं एकाच्याच पदरीं पडत असेल तर स्वतः उठून उभें राहिलें पाहिजे. आणि मी आतां पन्नाशीच्या उताराला लागलों आहें. आज जो दांडा माझ्या हातांत आहे, तो उद्यां माझ्या पाठीमागें दुसऱ्या कोणाच्या हातांत असेल. थांब्यावर मी उभा असेन, आणि बसमध्यें कोणाची तरी नात झोपलेली असेल.

आम्ही निघण्याच्या आदल्या आठवड्यांत नात आठ महिने ओलांडून पुढें गेली होती. त्या सकाळीं मुलीनें पुढच्या चाकाची खिट्टी लावली, पट्टा मनगटांत अडकविला आणि जुन्या लोहमार्गाच्या वाटेनें सावकाश धांवावयास सुरुवात केली. मी व पत्नी बांकावर बसलों होतों. वळणाआड जाईपर्यंत पत्नी पाहत होती. मग म्हणाली, "अहो, आपल्या माळ्यावर तिचा पांगुळगाडा असेल ना?"

परत आल्यावर मीं तो शोधून काढला. लांकडी, रंग उडालेला, चाकें तीनच. पण हा गाडा ढकलतें तें मूल स्वतः. डिसेंबरांत तीं सर्व पुण्यास येणार आहेत. पुढचें चाक थोडें करकरतें. तेल घालावयाचें आहे.